वाकळेतला मोर

“अगं बाई! हा तर आमच्या आज्जीवर घातलेला शालू!”

वर्षाताई हे हसत म्हणाली. भर हॉलमध्ये. वीस-पंचवीस माणसं होती तिथं. हैदराबादची, दिल्लीची, दोन-तीन परदेशातली. माझ्या मांडीवर माझ्या मायची वाकळ होती. वाकळेचं पोट मी माझ्याच हातानं उसवलं होतं आणि आतून हिरवा काठ बाहेर आला होता. जरीचे मोर. एका रांगेत तीन.

“सवाष्ण गेली ना ती, म्हणून हिरवा घातला होता. घरी फोटो आहे,” ती सगळ्यांना म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “तुमच्यातल्याच कोणीतरी स्मशानातून उचलला असणार. हक्कच होता ना तो तुमचा.”

माझ्या शेजारी कापडावर छपाई करणारी एक पोरगी बसली होती. तासभर झाला, वाकळेचा एक कोपरा तिनं गुडघ्यावर ओढून घेतला होता. किती मऊ, किती मऊ म्हणत होती. तिनं तो कोपरा हळूच खाली सोडला. उठली आणि बेसिनकडं गेली. नळ चालू झाला. बराच वेळ चालू होता.

मी कोण ते आधी सांगते. नाव नको, नावाचं इथं काही काम नाही. गुडीहत्नूरच्या बाजूला एका मराठी शाळेत मी पोरांना चित्रकला शिकवते. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलते, इथं जमेल तसं बोलून राह्यली.

आमी बौद्ध. मूळ गाव नार्नूरकडं. माझा आजा त्या गावात मेलेली ढोरं ओढायचा, देशमुखांच्या घरातलं कोणी गेलं की लाकडं वाहायचा. मढ्यावर घातलेलं कापड आग द्यायच्या आधी काढायचे आणि त्याच्याकडं फेकायचे. हातात नाही, फेकायचे. त्यालाच हक्क म्हणत. आजीनं त्याच कापडांच्या वाकळा शिवल्या आणि सगळं घर त्याच्यात झोपलं.

मग आज्यानं दीक्षा घेतली. परत आला त्या दिवशी घरातल्या सगळ्या वाकळा अंगणात आणल्या आणि पेटवून दिल्या. ऐन थंडीत. आजी ओरडली म्हणे, लेकरं मरतील. आजा बोलला, “मरू दे. आजपासून आपल्या आंगाले लागलेलंच कापड आपल्या वाकळेत. दुसऱ्याचा एक दोरा नाई.”

हा आमच्या घरचा कायदा झाला. सून म्हणून आलेल्या माझ्या मायला तो पहिल्या दिवशी सांगितला गेला. देशमुखांनी मात्र कापड टाकणं सोडलं नाही. आमी घेत नाही म्हटल्यावर ते स्मशानातल्या बाभळीवर टाकून जायचे. तिथंच ते कुजायचं. आमची पोरं त्या बाभळीच्या सावलीतनंही जात नव्हती.

माय वाकळ शिवायची तेव्हा बोलत शिवायची. तुकडा लावताना त्याचं नाव घ्यायची. हे तुह्या बापाचं धोतर. हे आत्याचं लुगडं, बाळंतपणातलं. हे तुह्या भावाचं कुडतं, जो नाई राह्यला त्याचं. कडेकडेनं शिवत आत आत यायची, टाका धावता, सगळे टाके एका मापाचे. मी जवळ बसून नावं पाठ करायची. शाळेत पाढे चुकायची, पण वाकळेचे तुकडे कधी चुकले नाही.

एका जागेचं नाव तिनं कधी घेतलं नाही. मधोमध, बापाच्या धोतराच्या खाली एक कडक जागा होती. हाताला खरखर लागायची. मी विचारलं की म्हणायची, “तिथं दोन पदर जास्त हायेत. झोप.” मी त्याच जागेवर बोटं फिरवत झोपायची. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी ती सवय सुटली नाही.

वर्षाताई देशमुखांची लेक. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. हैदराबादला तिचा चित्रांचा मोठा हॉल आहे. तिनंच निर्मलच्या एका गेस्ट हाऊसात पाच दिवसांची ती कार्यशाळा ठेवली होती. कापड आणि आपली ओळख, असा विषय. मला फोन केला. “तू गावची, शिकलेली. तुझ्या आईची गोधडी घेऊन ये. आफ्रिकेतून एक मोठ्या कलावंत येतायत, त्यांना दाखवू.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? देशमुखाच्या लेकीनं मला बोलावलं, खुर्ची देणार म्हणाली, याचा मला गर्व झाला. माय म्हणाली, “कायले नेतं वो जुनं धुडकं? नवी ने.” मी म्हटलं, जुनीच पाह्यजे त्याईले. वाकळेची घडी घालताना तिनं फार वेळ लावला. मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

ती आफ्रिकेतली बाई घानाची. अबेना नाव. उंच, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. ती कापडाच्या तुकड्यांची मोठमोठी चित्रं करायची. माणसं, घरं, बाजार, सगळं कापडाचं, एकावर एक शिवलेलं. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना एकच विचारलं, तुमच्या अंगावरचं कापड कुठून आलं? कोणाला धड सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. मी वाकळ पसरली आणि आज्याची गोष्ट सांगितली. वाकळा जाळल्या ते सांगितलं. छाती फुगवून शेवट केला, “या वाकळेत परका एक दोरा नाही.” माझं तोडकं इंग्रजी, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्षाताईनंही वाजवल्या.

अबेनाची कापड बघायची एक रीत होती. आधी वास घ्यायची, मग डोळे मिटून हात फिरवायची, शेवटी खिडकीच्या उजेडासमोर धरायची. तिनं वाकळ तशी धरली. बापाचं धोतर झिजून पातळ झालेलं. त्याच्या आत पाखराची सावली दिसली. मान, चोच, पिसारा.

“आत काहीतरी आहे,” ती म्हणाली. मग लगेच, “राहू दे. आत ठेवलंय, म्हणजे कोणीतरी मुद्दाम ठेवलंय.”

ती परकी बाई, तिला समजलं. मला समजलं नाही. मी म्हटलं, “उघडू ना. आमचंच असणार.” मायचं लग्नाचं लुगडं असेल, तिनं माझ्यासाठी लपवून ठेवलं असेल, असं काहीतरी गोड माझ्या डोक्यात आलं. कात्रीच्या टोकानं मी मायचे टाके एक एक करून उचलले. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला ते आवडत होतं.

पुढचं वर सांगितलंच.

वर्षाताई मग अबेनाला इंग्रजीत समजावू लागली. मला एक शब्द नीट कळला. गिफ्ट. आमचं घराणं गावच्या लोकांना अशा भेटी द्यायचं म्हणे. फेकलेलं कापड तिच्या तोंडात दोन मिनिटांत भेट झालं. नळाचा आवाज अजून येत होता. सगळ्यांच्या नजरा माझ्या मांडीवर. मघाशी टाळ्या वाजवणारे हात आता आपापल्या मांडीवर.

माझं डोकं सणकलं. कात्री हातातच होती. मी तो तुकडा कापला. वरच्या धोतरासकट, खालच्या अस्तरासकट, आरपार. वर्षाताईपुढं धरला.

“हे घ्या तुमचं. आमाले नको.”

मला वाटलं, मी आज्यासारखं केलं. मला वाटलं, यालाच विद्रोह म्हणतात. वर्षाताईनं तुकडा दोन्ही हातांनी घेतला. राग नाही, काही नाही. बॅगेतून पातळ कागद काढला आणि त्यात जपून गुंडाळला. “थँक यू गं,” म्हणाली. “आज्जीची एवढीच आठवण राहिली आता.”

मी बसनं घरी आली. वाकळ पिशवीत. माय ओट्यावर भाकरीचं पीठ चाळत होती. मी पिशवी तिच्यापुढं टाकली. ठेवली नाही, टाकली.

“हे कोणाचं होतं माय?”

तिनं वाकळ उलगडली. मधोमध भोक, वीतभर. तिनं त्याच्यातून हात घातला. दुसरीकडून तिची पिठानं पांढरी झालेली बोटं दिसली.

“तू जन्मून नऊ दिस झाले होते,” ती म्हणाली. “पूस महिना. तुह्या आधीचा पोरगा थंडीनंच गेल्ता. तू निळी पडून राह्यली होती. घरात एक चिंधी नव्हती. सांजेले मी बाबळीवरून काढलं. ओली बाळंतीण मी, मसणात गेली. तीन डाव धुतलं, तुले गुंडाळलं. तुह्या आज्याले समजलं असतं तर त्यानं मले उंबरा दाखवला असता.”

“मग सांगितलं काऊन नाई?”

“काय सांगू? तुह्या बापानं आंगावरचं धोतर फाडून देल्लं. म्हणे, याच्यावर शिव, दिसू देऊ नको. दिसलं का कोणाले? चाळीस वर्षं दिसलं का?”

माझी माय माझ्यासमोर बसून हे सांगत होती आणि मला भर हॉलमधलं ते बेसिन आठवत होतं. मी म्हटलं, “तुह्यापायी आज माही मान खाली गेली. लोकांनी हात धुतले माय. हात धुतले.”

तिनं वाकळेची घडी घातली. मग पीठ चाळायला लागली.

देशमुखांनी माझ्या आज्याकडं कापड फेकलं. मी माझ्या मायपुढं वाकळ टाकली. मला या दोन्हीत आज काही फरक दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी अबेना आमच्या दारात आली. कार्यशाळेतल्या कोणाला तरी पत्ता विचारून, रिक्षा करून. वर्षाताईला न सांगता. आमच्याकडं खुर्ची एकच. ती खाली बसली, मायच्या शेजारी. मायला तिचं इंग्रजी समजत नव्हतं, तिला मायची बोली समजत नव्हती. तरी दोघी बसल्या. मायनं चहा केला. अबेनानं तिला आपल्या केसांना हात लावू दिला. माय हसली, “पोरी, तुहे केस तं मेंढीच्या पिल्लावानी हायेत.” मी ते भाषांतर करून सांगितलं नाही.

मग अबेनानं वाकळ मागितली. भोक बघितलं. मला म्हणाली, आमच्या देशात जहाजांतून गठ्ठे येतात. गोऱ्या लोकांनी वापरून टाकलेले कपडे. एवढे चांगले कपडे जिवंत माणूस कशाला टाकेल? म्हणून आमच्या लोकांनी त्याला नाव ठेवलं, मेलेल्या गोऱ्याचे कपडे. अजून तेच म्हणतात. माझी आई तेच विकायची. मी तेच घालून शाळेत गेले.

“मग तुम्ही ते चित्रांत कशाला लावता?” मी विचारलं.

“माझ्या आज्जीच्या कापडाशेजारी लावते. बघणाऱ्याला दोन्ही दिसलं पाहिजे. कोणी टाकलं आणि कोणी त्याच्यात लेकरं वाढवली.” मग म्हणाली, “ती देशमुखांची म्हातारी त्या कापडाखाली किती वेळ होती?”

मी हिशोब केला. घरापासून मसणापर्यंत. “दोन तास असेल.”

“आणि तू?”

चाळीस वर्षं, हे मला ठाऊक होतं. तोंडातून निघालं नाही. अबेना गेली. जाताना मायच्या दोन्ही हातांवर तिनं कपाळ टेकलं. माझ्याकडं बघितलं नाही.

मी भोकाला ठिगळ लावते म्हटलं तर माय नको म्हणाली. दुसरी वाकळ पांघर म्हटलं तरी नको. तीच घ्यायची. आणि झोपताना भोकावर तळहात ठेवायची. मी बाजूच्या खाटेवरून बघायची. मला उठून जवळ जाता आलं असतं. चार पावलं होती. माय, चुकलं माझं, एवढेच शब्द होते. उद्या म्हणू, उद्या म्हणू करत गेली. मास्तरीण ना मी, माझा ताठा मोठा.

माघात एका सकाळी मी तिला चहाला उठवायला गेली. ती उठली नाही. हात भोकावरच होता. मी तो हात उचलला तर खालून थंडगार.

मी रडली किती ते सांगत नाही. माझे ते शब्द मात्र माझ्यापाशीच राहिले. आता ते कोणाला म्हणू? भिंतीला म्हणते कधी कधी.

उन्हाळ्यात वर्षाताईचा फोन आला. आई गेल्याचं ऐकलं, वाईट वाटलं, म्हणाली. मग म्हणाली, हैदराबादला प्रदर्शन आहे, तू ये, लोकांसमोर बसून गोधडी शिवून दाखव. चटई टाकू. नऊवारी नेसशील का?

मी गेली. नऊवारी नाही, शाळेत नेसते तीच साडी. वाकळ पिशवीत.

हॉलमध्ये थंड मशीन. पांढऱ्या भिंती. मधल्या भिंतीवर काचेत तो तुकडा. खालून, वरून दिवे सोडलेले. मायचे टाके अजून काठावर लटकत होते, तुटलेले. खाली पाटी, इंग्रजीत आणि तेलुगूत. देशमुख घराण्याचा शालू, गावातल्या सेवकांना दिलेली भेट. शिवणारीचं नाव नाही. शिवणारी होती हेच त्या पाटीला ठाऊक नाही.

चटई त्याच्याच खाली टाकलेली होती. माझ्यासाठी.

“वर्षाताई,” मी म्हटलं, “तो तुकडा मला पाहिजे.”

“म्हणजे?”

“माझ्या मायच्या वाकळेतला आहे. तो मला परत शिवायचाय.”

ती तशीच हसली, निर्मलला हसली होती तशी. “तूच दिलास ना मला? सगळ्यांसमोर? ‘आमाले नको’ म्हणालीस. व्हिडिओ आहे.”

खरं होतं ते. तिनं चोरला नव्हता. मी दिला होता. त्यांच्या विटाळाला घाबरून मी माझ्या मायच्या छातीचा तुकडा कापून त्यांच्या हातात ठेवला आणि वरून मान ताठ केली. आज्यानं वाकळा जाळल्या तेव्हा त्याला अपमान कळत होता. मायनं बाभळीवरून कापड काढलं तेव्हा तिला तो आज्याइतकाच कळत होता, आणि तरी तिनं काढलं, कारण मी निळी पडली होती. दोघांपुढं मीच एकटी अडाणी निघाली.

“तुमची आज्जी त्याच्याखाली दोन तास होती,” मी म्हटलं. “तेही मेल्यावर. मी चाळीस वर्षं होते. जिवंत. हा शालू नाही. ही वाकळ आहे.”

“तमाशा नको गं. बस ना चटईवर, लोक येतायत.”

मी चटईवर बसली नाही. पायानं ती बाजूला सारली. पिशवीतून वाकळ काढली, काचेजवळ गेली आणि दोन्ही हातांनी उंच धरली. भोक बरोबर तुकड्याच्या बाजूला. कोणी पण बघावं, लहान पोरानंही ओळखावं, हे इथून कापलंय. कडा जुळत होत्या. धोतराची घडी जुळत होती.

लोक थांबले. विचारायला लागले. मी सांगितलं. बाभळीचं सांगितलं, नऊ दिवसांच्या बाळाचं सांगितलं, बेसिनचं सांगितलं. आणि कात्री कोणी चालवली तेही सांगितलं. ते लपवलं नाही. हिंदीत सांगितलं, तोडक्या तेलुगूत सांगितलं. वॉचमन आला, बिचारा हळू आवाजात बोलला, “अम्मा, तीसेय्यंडि.” काढा म्हणे. मी म्हटलं, नाही. त्यानं एकदा वाकळेकडं बघितलं, एकदा काचेकडं, आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. खांदे भरून आले. हॉल बंद होईपर्यंत मी हात खाली घेतले नाही.

तुकडा मिळाला नाही. काच तशीच आहे. दिवे तसेच आहेत.

आता शाळेत दर वर्षी मी नव्या पोरांपुढं ही वाकळ पसरते. पूर्वी सांगायची, हिच्यात परका दोरा नाही. आता ते सांगत नाही. आता तुकड्यांची नावं घेते, मायसारखी. बापाचं धोतर. आत्याचं लुगडं. भावाचं कुडतं. मग भोकावर हात ठेवून त्याचंही नाव घेते. हे मढ्यावरचं होतं. माझ्या मायनं मसणातून आणलं आणि मला जगवलं. पोरं हात लावून बघतात. बेसिनकडं अजून एकही गेलं नाही.

कोणी म्हणतं, ठिगळ लावून टाका बाई, किती दिवस असं ठेवता? मी लावणार नाही. वर्षाताईनं तो तुकडा दिल्लीला नेला तर मी दिल्लीला जाईन, समुद्रापार नेला तर तिथं जाईन. जिथं तो काचेत टांगतील तिथं त्याच्या बाजूला हे भोक धरून उभी राहीन. माझे हात थकले तर माझ्या पोरांतलं कोणीतरी धरील. त्यांना नावं पाठ आहेत. मायची सुई माझ्यापाशी आहे. दोरा ओवून ठेवला आहे.